दिघी बंदर जवळ, मग माणगावचा कंटेनर न्हावाशेवाला का जातो?

नकाशा उघडून बघा. माणगावपासून म्हसळामार्गे दिघी बंदर साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. न्हावाशेवा, म्हणजे जेएनपीए, जवळपास दुप्पट लांब. तरीही इथल्या कारखानदाराला परदेशी कंटेनर पाठवायचा असेल, तर ट्रेलर वडखळ-पेणच्या गर्दीतून न्हावाशेवाचीच वाट धरतो. डिझेल जास्त, वेळ जास्त. मग हा उलटा हिशेब कसा काय परवडतो?

उत्तर जहाजाच्या पोटात आहे. जहाजाची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट केली तर माल आठपट मावतो, पण बाहेरच्या पत्र्याचं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. खलाशी तर जवळपास तेवढेच, वीस-पंचवीस. म्हणजे जहाज जितकं मोठं, तितका एका कंटेनरमागचा खर्च कमी. आज सगळ्यात मोठ्या जहाजांवर वीस फुटी मापाचे २४ हजारांहून जास्त कंटेनर मावतात.

पण एवढं मोठं जहाज परवडतं ते भरलेलं आणि चालतं असेल तरच. बंदरात थांबलेलं जहाज म्हणजे मीटर चालू ठेवून उभी असलेली रिक्षा. शे-दोनशे कंटेनर उचलायला ते वाट वाकडी करणार नाही. न्हावाशेवाने २०२३-२४ मध्ये सुमारे ६४ लाख कंटेनर हाताळले (वीस फुटी मापाने). तिथे जहाज येतं म्हणून माल येतो आणि माल येतो म्हणून जहाज येतं. रस्त्यावर गेलेले जादा पैसे समुद्रावर वाचतात, कारण टनामागे, किलोमीटरमागे समुद्राची वाहतूक रस्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

दिघीचं दुखणं नेमकं इथे होतं. राजपुरी खाडीच्या तोंडाशी आडोसा आहे, पाणीही चांगलं खोल. मांदाड याच खाडीवरचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दस्तऐवजातलं ‘मंदगोरा’ बंदर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे जागेत खोट नाही. २००२ मध्ये महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाशी करार होऊन खासगी बंदराचं काम सुरू झालं. पण बंदराचा जवळजवळ सगळा खर्च आधी करावा लागतो, आणि जहाज येवो न येवो, कर्जाचं व्याज चालूच राहतं. रस्ता अरुंद, रेल्वेचे रूळ दिघीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यामुळे माल पुरेसा आला नाही. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांना बंदर घेतलं. पुढे १० हजार कोटींहून जास्त गुंतवणुकीची घोषणाही झाली.

कंटेनरचं सोडा, सुट्या मालाचं गणित वेगळं असतं. माणगाव तालुक्यातल्या विळे-भागाड एमआयडीसीत पोस्कोचा पोलाद कारखाना आहे. अशा कारखान्याला लागणाऱ्या पोलादाच्या अवजड गुंडाळ्यांसाठी अख्खं जहाज भाड्याने घेता येतं. ते वेळापत्रकावर नाही, गिऱ्हाईक सांगेल तिथे जातं. दिघीसारख्या बंदराला पहिला आधार असाच माल देतो.

मात्र हे भाडं भलतंच लहरी. जहाज बांधायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे मागणी अचानक वाढली तरी जहाजं लगेच वाढत नाहीत, आणि मागणी पडली तरी असलेली जहाजं नाहीशी होत नाहीत. सुट्या मालाच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता. डिसेंबरात तो ६६३ वर आला. सात महिन्यांत! तांबड्या समुद्रात २०२३ च्या शेवटी हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. फेरी दहा-बारा दिवसांनी लांबली, म्हणजे तेवढ्याच मालाला जास्त जहाजं लागली. जहाजांचा तुटवडा झाला असता तसा हा परिणाम, आणि भाडी चढली.

आता ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघी पोर्ट औद्योगिक क्षेत्र आहे, सुमारे ६ हजार एकरांचं. रायगडमधल्या या जमिनीवर कारखाने खरंच उभे राहिले, तर बंदराला हवा असलेला माल दारातच तयार होईल. त्याच ऑगस्टमध्ये डहाणूजवळ वाढवणचं भूमिपूजन झालं. तिथे नैसर्गिक खोली २० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं थेट लागतील. कंटेनरसाठी दिघीला आता दोन बलाढ्य शेजाऱ्यांशी झगडायचं आहे, आणि माणगाव-दिघी रस्त्यावरून रोज किती ट्रेलर जातात यावरच त्याचा निकाल लागेल.