एकोणीस वर्षांनंतरचा शब्द

पेलाभर स्थिर पाण्यात शाईचा एक थेंब हळूच सोडून पाहा. थोड्या वेळाने रंग सगळीकडे पसरतो. यालाच आपण विसरण म्हणतो. आता समजा, हेच पाणी अरुंद नळ्यांच्या जुडीत भरले आहे. मग त्याचे रेणू नळीच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतील. आडवे जाताना मात्र त्यांना भिंती अडवतील. ही साधी गोष्ट एका माणसाच्या मेंदूचे कोडे उलगडताना उपयोगी पडली.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात जुलै १९८४ मध्ये टेरी वॉलिस या तरुणाच्या गाडीला अपघात झाला. मेंदूला जबर इजा झाली. आधी तो बेशुद्ध होता. पुढे डोळे उघडले, तरी क्वचित मान हलवणे किंवा कण्हणे एवढीच काय ती जागेपणाची खूण. घरच्यांनी मात्र त्याच्याशी बोलणे सोडले नाही. जून २००३ मध्ये, म्हणजे १९ वर्षांनी, त्याच्या तोंडून शब्द आला, 'मॉम'! हळूहळू तो वाक्ये बोलू लागला. त्याच्या लेखी अजून १९८४ सालच चालू होते!

हे घडले कसे? मेंदूतील पेशी अक्षतंतू नावाच्या बारीक धाग्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. अपघातात डोके एकदम थांबते. पण आतला मऊ मेंदू जडत्वामुळे पुढे सरकतो, पिळवटतो. तंतू ताणले जाऊन तुटतात. तरी कित्येक पेशी जिवंत राहतात.

निकोलस शिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एम.आर.आय. यंत्राच्या साहाय्याने टेरीच्या मेंदूतील पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने अधिक सरकतात, हे १८ महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासले. तंतूंची जुडी असेल तेथे पाणी तिच्या दिशेने अधिक सरकणार, हे उघड आहे. दुसऱ्या खेपेस लहान मेंदूच्या मधल्या भागात असा फरक वाढलेला दिसला आणि त्याच काळात टेरीच्या पायांची हालचालही सुधारली होती. वाचलेल्या पेशींना नवे तंतू फुटले असावेत, असे अनुमान त्यांनी २००६ मध्ये मांडले.

टेरी पूर्ण बरा झाला नाही. नव्या गोष्टी त्याच्या ध्यानात राहत नसत. २०२२ मध्ये तो वारला. असे उदाहरण फार विरळा, हेही खरे. पण वर्ष उलटले की मेंदूची सुधारणा संपली, हा जुना समज त्याने खोटा ठरवला. तुमच्या माहितीत असा कोणी रुग्ण असेल, तर त्याच्या उशाशी बसून बोलत राहा. उत्तर मिळत नाही, एवढ्यावरून त्याला ऐकू येत नाही असे कसे म्हणावे?