विश्लेषण : ट्रान्समीटरची ताकद थेट अँटेनातच का एकत्र करतात?

ट्रान्समीटरने तयार केलेला सगळा सिग्नल हवेत पोहोचत नाही. काही हिस्सा अँटेनापर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांतच उष्णता होऊन जातो. फाइव्ह-जीच्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात (भारतात २०२२च्या लिलावात तोही विकला गेला) ही गळती जास्तच महाग पडते. म्हणूनच अनेक अ‍ॅम्प्लिफायर थेट अँटेनाच्या पॅचलाच जोडण्याची कल्पना पुढे आली.

एका अ‍ॅम्प्लिफायरने का भागत नाही?

इतक्या उच्च वारंवारतेवर चालणाऱ्या बारीक सिलिकॉन ट्रान्झिस्टरना साधारण एक व्होल्टच झेपतो. ५० ओहमच्या भारावर १ व्होल्ट उंचीची लहर म्हणजे जेमतेम १० मिलीवॅट. मग चार अ‍ॅम्प्लिफायर लावायचे. रूढ पद्धतीत त्यांच्या जोड्या विल्किन्सन कम्बायनर या १९६०च्या सर्किटमधून एकत्र होतात. चारांसाठी दोन टप्पे. प्रत्येक टप्प्यात अर्धा डेसिबल जरी गेला, तरी ४० पैकी सुमारे ३२ मिलीवॅटच अँटेनाच्या वाट्याला येतात. सोळा अ‍ॅम्प्लिफायर केले तर टप्पे चार, आणि गळतीही दुप्पट डेसिबल.

पॅचमध्ये बेरीज कशी होते?

मायक्रोस्ट्रिप पॅच म्हणजे सर्किट बोर्डवरचा तांब्याचा चौकोनी तुकडा. खाली ग्राउंडचा अखंड थर. त्याची लांबी बोर्डमधल्या लहरीच्या साधारण निम्मी असते. २६ गिगाहर्ट्झला ती नेहमीच्या बोर्डवर ३ ते ४ मिलिमीटर भरते, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी! या मापामुळे एका कडेचे व्होल्टेज वर जाते, तेव्हा समोरच्या कडेचे तितकेच खाली येते आणि मध्यावर ते शून्य राहते. बागेतल्या सीसॉसारखेच. एका अ‍ॅम्प्लिफायरने एका कडेला आणि दुसऱ्याने समोरच्या कडेला बरोबर उलट फेजमध्ये रेटा दिला, की दोघांचा जोर एकाच दोलनात जमा होतो. मधल्या कम्बायनरची गरजच उरत नाही. उलट फेजमधली अशी जोडी चिप डिझायनरच्या हातची असते, त्यामुळे कल्पना वाटते तितकी अवघड नाही.

अडचण कुठे?

विल्किन्सनमधला रेझिस्टर दोन अ‍ॅम्प्लिफायरना एकमेकांपासून अलग ठेवतो. पॅचमध्ये तो नसतो. एक अ‍ॅम्प्लिफायर कमजोर पडला किंवा त्याची फेज सरकली, तर दुसऱ्यासमोरचा भारही बदलतो. त्यात पॅचच्या कडेचा रोध शंभर ओहमहून बराच जास्त असू शकतो, तर कमी व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरला हवा असतो कमी रोध. जोडणी कडेपासून आत सरकवून तो जुळवता येतो, पण मसुराएवढ्या जागेत अशा चार जोडण्या बसवताना मिलिमीटरचा दहावा भागही मोजावा लागतो. शिवाय बिघाड झाल्यास कोणता अ‍ॅम्प्लिफायर दगा देतोय हे केबल लावून तपासता येत नाही; सगळ्यांचा मिळून हवेत गेलेला सिग्नलच मोजावा लागतो.