आवाज येतो, बोलणं कळत नाही

कोपरगाव हा साखर कारखान्यांचा तालुका. मिल हाऊसमध्ये, टर्बाइनशेजारी गळीत हंगामांमागून हंगाम काढले की कानातल्या नाजूक पेशी मरत जातात, आणि आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची फुसफुस नेमकी त्या पट्टीतली. ‘आ’, ‘ओ’ मात्र शाबूत राहतात. “आवाज येतो रे, पण काय बोलतात ते कळत नाही,” हे निवृत्त कामगाराचे म्हणणे म्हणूनच अक्षरशः खरे असते. वयोमानाने येणारा बहिरेपणाही बहुधा याच वाटेने येतो. घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात. ‘आ’ कानठळ्या बसवतो, ‘स’ हरवलेलाच राहतो.

श्रवणयंत्र लावले तरी त्याचा माइक कानापाशी आणि टीव्ही पलीकडच्या भिंतीला. मध्ये पंख्याची घरघर, वर पत्रा, खाली फरशी. टीव्हीचा आवाज ब्लूटूथने थेट यंत्रात किंवा हेडफोनमध्ये आणला की फरक लगेच जाणवतो. फक्त हेडफोन जोडल्यावर काही टीव्हींचा स्पीकर बंद पडतो आणि बाकीचे घर मुके चित्र पाहत बसते. दोन्ही एकदम चालतात का, हे दुकानातच तपासून घ्यावे.

तरीही खरा आधार अक्षरांचा. ओठांवरून अंदाज बांधणाऱ्यांना हिंदीतून मराठीत आणलेल्या पौराणिक मालिका तर छळतातच : ओठ हिंदी, आवाज मराठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२मध्ये दृश्यांचे ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि पडद्यावरील मजकूर हे तिन्ही आहेत. ११ सप्टेंबर २०१९ला केंद्राने टीव्हीसाठी मानके काढली, पण ती ऐकू न येणाऱ्यांपुरतीच. सुरुवातीची अपेक्षाही माफक : वृत्तवाहिन्यांनी रोज एक बातमीपत्र, इतरांनी आठवड्याला एक कार्यक्रम. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांना सांकेतिक भाषेतला दुभाषी हवाच. पण साठीनंतर कान गेलेल्या माणसाला ती भाषा येत नाही; त्याला मराठी मालिकेखाली मराठीच ओळी हव्यात.

हे जमते. ब्रिज कोठारी यांनी १९९६मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये ‘ज्या भाषेतला कार्यक्रम त्याच भाषेतली अक्षरे’ ही कल्पना हाती घेतली, ती वाचन पक्के व्हावे म्हणून. पुढे त्यांच्या ‘प्लॅनेटरीड’ संस्थेने ‘झी टॉकीज’वरच्या मराठी चित्रपटांवरही हा प्रयोग केला. एकाच ओळीत आजोबांची करमणूक आणि नातवाचे वाचन! हा प्रयोग रोजच्या मालिकांपर्यंत यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

दिसत नसलेल्यांची उपेक्षा याहून मोठी. रिमोटवरच्या ‘५’ला बोटाला लागेल असा ठिपका असतो, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. अँड्रॉइड टीव्हीत ‘टॉकबॅक’ चालू केले की मेनू बोलू लागतो, पण साध्या सेटटॉप बॉक्सचा मेनू मुकाच. आणि मालिका लागल्यावर? संगीत धाडकन वाजते, कॅमेरा एकेका चेहऱ्यावर फिरतो, आजी विचारते, “कोण आलं गं?” नात घरात नसेल तर प्रसंग तिथेच निसटतो. “दारात थोरली सून. हातात बॅग.” संवादांच्या फटीत बसणारे एवढेच वाक्य पुरते. अमेरिकेत बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच टीव्ही केंद्राने ध्वनिवर्णनाची ही सेवा १९९०मध्ये नियमित सुरू केली. आपल्याकडेही हे अवघड नाही : श्रुतिका लिहिणारे आणि आवाजाने प्रसंग उभा करणारे कलावंत मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

मालिकेचे संवाद चित्रीकरणाआधीच लिहिलेले असतात. सेटवर बदललेली वाक्ये दुरुस्त करून ते वेळेशी जुळवायचे, एवढेच काम उरते. सह्याद्री ही सार्वजनिक वाहिनी आहे. तिने रोजच्या एका मालिकेवर मराठी ओळी आणि आठवड्याच्या एका चित्रपटाला ध्वनिवर्णन देऊन सुरुवात करावी.