खाडीवरचा हक्क आणि खाडीचा हक्क

उरणच्या मोरा बंदरात ‘खाडीवरचा हक्क’ म्हटले तर कोणासही अर्थ कळेल. ‘खाडीचा हक्क’ म्हटले तर ऐकणारा क्षणभर थबकेल. पहिल्या प्रयोगात खाडी ही हक्काचा विषय आहे, दुसऱ्यात ती हक्काची धनी आहे. नद्यांना कायद्याने व्यक्ती मानावे काय, हा वाद वस्तुतः या दोन प्रयोगांतील अंतराचा आहे.

‘मुलाला वाढवले’ यात कर्माला ‘ला’ प्रत्यय लागतो. ‘खाडी बुजवली’ यात लागत नाही. भाषा असा सजीव-निर्जीव भेद पाळते. कायदा तो पाळतोच असे नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्तीस विधिव्यक्ती मानले आणि तिची बाजू निःस्वार्थ प्रतिनिधीने मांडावी, असे सांगितले.

हाच धागा धरून उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेस व्यक्ती ठरविले. परंतु पालक नेमले ते सरकारी अधिकारीच. पुराच्या नुकसानीस जबाबदार कोण, असा प्रश्न खुद्द राज्य सरकारने उपस्थित केला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडने व्हांगानुई नदीस व्यक्ती मानणारा कायदा केला. तेथे नदीचे मुख म्हणून दोघांची नेमणूक होते : एक सरकारकडून, एक नदीकाठच्या माओरी जमातींकडून.

आता उरणच्या खाडीकडे वळू. बंदरविस्ताराच्या भरावाने भरतीचे पाणी अडले, तिवरे नष्ट झाली, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. येथे खाडीची हानी न्यायासनापुढे आली ती कोळ्यांच्या हानीच्या द्वारे. पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश देण्याची तरतूद २०१० च्या कायद्यात आहेच. तथापि तो मागणारा कोणीतरी हवा. कोळ्यांची पुढची पिढी खाडीवरून उठून गेली, तर तो कोण मागणार?

तेव्हा केवळ ‘वरचा’ जाऊन ‘चा’ आल्याने काम भागत नाही. भरावाला परवानगी देणाराच खाडीचा पालक झाला, तर खाडीला व्यक्तित्व मिळेल, वाचा मिळणार नाही.