दहा बाय बाराची खोली

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि घाटंजी तालुक्यातल्या या गावात ऊन आताच चटके देतंय. माझ्या मावसबहिणीच्या नव्या घराची पुढची खोली रिकामी आहे. गिलावा झालाय, दाराला अजून फळ्या नाहीत. मधोमध फरशी लावणारा तरुण उकिडवा बसलाय, हातात पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. नळीत एक बुडबुडा अडकलाय. तो टिचकी मारतो, नळी वर धरतो, पुन्हा टिचकी मारतो. बुडबुडा आत राहिला तर दोन टोकांचं पाणी खोटी पातळी दाखवतं आणि सगळी खोली त्या खोट्यावर उभी राहते. बुडबुडा निघून गेल्यावरच तो भिंतीवर पेन्सिलीने खूण करतो. समोरच्या भिंतीशी नळीचं दुसरं टोक धरून त्याचा चुलतभाऊ उभा आहे. बारावीचा निकाल लागेपर्यंत तोच याचा मदतनीस.

बहीण चहा घेऊन येते. "सर, चहा घ्या."

"ताई, सर नका म्हणू आता. भाऊ म्हणा."

दोन-अडीच वर्षांपूर्वी हाच तरुण याच गल्लीत मोटारसायकलवर यायचा, पाठीवर बॅग लावून. एका मायक्रोफायनान्स कंपनीचा वसुलीवाला होता. बायकांचा गट बसायचा, हा नावं वाचायचा, हप्ते मोजून घ्यायचा. एकीचा हप्ता थकला की बाकीच्या जणींनी मिळून भरायचा, असा गटाचा नियम. माझी बहीण त्या गटात होती.

"नोकरी काऊन सोडली?" मी विचारतो.

दोरी ताणता ताणता तो बोलतो. "सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाले भाव नाई, अन् आपण त्याच्या दारात जाऊन म्हणाचं, आजच द्या. बाई आतून डबे उघडून पैसे शोधून राह्यली अन् आपण ओट्यावर बसून. घरी गेलो का झोप नाई लागे."

कर्जाने यवतमाळ जिल्ह्याचं काय केलं ते इथे कोणाला सांगावं लागत नाही. मी पुढे विचारत नाही. त्यानंतरचे दोन उन्हाळे तो यवतमाळला दारव्हा रोडच्या इमारतींवर एका उस्तादाच्या हाताखाली होता. आधी नुसता माल कालवायचा, मग कापायला शिकला, मग बसवायला. दिवाळीपासून स्वतःची कामं घेतो. एखादी मोरी, एखादा ओटा. अख्खं घर हे पहिलंच.

आता तो फरश्या कोरड्याच मांडून बघतो. भाऊजींचा हिशेब साधा आहे. खोली दहा बाय बारा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. फरशी दोन बाय दोन. तीस लागतील. फूटतूट धरून दुकानदाराने चार-चारची नऊ खोकी दिली आहेत. माल गुजरातेतल्या मोरबीचा. सिमेंटसाठी मात्र लांब जावं लागत नाही, आपल्याच जिल्ह्यात मुकुटबनला कारखाना आहे.

"भाऊजी, हे दोन फूट नाई," तो टेप लावून दाखवतो. "सहाशे मिलिमीटर हाय. दोन फूट म्हणजे सहाशे नऊ न काहीतरी."

एका फरशीत नऊ-दहा मिलिमीटरची तूट. पाच फरश्या आणि मधले सांधे धरले तरी दहा फुटांत दीड इंच उरतो. बाराच्या बाजूला पावणेदोन इंच. तेवढी बारीक पट्टी कापायची म्हणजे फुटण्याची भीती आणि बसली तरी डोळ्यात खुपणार. स्कर्टिंगखाली फार तर सेंटिमीटरभर झाकलं जातं. दुसरा उपाय म्हणजे फरश्या मधून लावायच्या आणि चारही कडांना फूट-फूटभराचे तुकडे घ्यायचे. दिसायला हेच उत्तम. पण तुकडा अर्ध्या फरशीपेक्षा जरासा मोठा येतो, म्हणून प्रत्येक तुकड्यामागे अख्खी फरशी खर्ची पडते. छत्तीस पुरत नाहीत, बेचाळीस लागतात.

हे सगळं तो भाऊजींना खडूने जमिनीवर काढून दाखवतो. हप्त्यांचे तक्ते लिहिलेला हात आहे, आकडे सरळ रेषेत पडतात. मला त्याचं कौतुक वाटतं ते इथे. न सांगता पट्टी कुठेतरी दडपून मोकळा होणारे पुष्कळ असतात. हा दोन्ही रस्ते मांडतो, दोन्हींचा खर्च सांगतो आणि घरधन्याला ठरवू देतो. भाऊजी दाराकडून अख्खी फरशी सुरू करायला सांगतात. पट्टी मागच्या भिंतीला आणि दिवाण ठेवायच्या बाजूला.

"चार उरतील. त्या जपून ठेवा. पुढे एखादी फुटली तर या रंगाची मिळणार नाई."

मग काम सुरू होतं. फरशी उलटी करून तो तारेच्या ब्रशने तिची पाठ घासतो. पाठीवर पांढरी भुकटी असते, भट्टीतली. ती तशीच राहिली तर सिमेंट फरशीला न धरता भुकटीला धरतं. त्यात ही विट्रिफाइड फरशी, पाणी अर्धा टक्काही पीत नाही. जुन्या पद्धतीने पिंपात बुडवून ठेवण्यात काही अर्थ नाही, पाठ स्वच्छ हवी. ओल्या फडक्याने पुसून तो फरशी सिमेंटच्या पातळ घोळावर ठेवतो, रबरी हातोडीने चारही कोपरे ठोकतो, मग मधोमध बोटाच्या पेराने वाजवतो.

दुसऱ्या ओळीतली तिसरी फरशी बद्द वाजते. तो थापीने ती उचलतो. खाली मधला तळहाताएवढा भाग कोरडा, घोळ पोचलेलाच नाही. वैशाखात माल पाणी फार लवकर ओढतो. तो तिथे पाणी शिंपडतो, घोळ ओततो, फरशी पुन्हा टेकवतो, पुन्हा कान लावतो. आता आवाज भरीव येतो. पलीकडच्या ओळीत माल पसरायच्या आधीच चुलतभाऊ आता जमीन भिजवून ठेवायला लागतो.

नऊच्या सुमाराला तो सब्बल घेऊन मागच्या स्वयंपाकघरात जातो. तिथे उद्या फरशी लावायची आहे. सब्बल खुपसतो आणि ती सहज वीतभर आत जाते. वर येते ती काळीभोर माती घेऊन.

"भाऊजी, इथे मुरूम नाई भरला?"

गवंड्याने पुढच्या खोलीत मुरूम भरला आणि इथे पायव्याची निघालेली मातीच परत लोटली. आपली काळी माती कापसाला सोनं आहे, पण घराच्या पोटात घालायची नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. वरची फरशी तिच्याबरोबर वर-खाली होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तडकते.

"लाव न बावा, पंधरवड्यावर लग्न हाय घरात," भाऊजी म्हणतात.

"नाई लावत. हात-दीड हात माती काढा, मुरूम भरा, पाणी सोडा, धुम्मस मारा. मग लावतो."

"तुह्याच दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते."

"बुडू द्या. फरशी फुटली तर माहंच नाव घ्याल, मातीचं नाई."

भाऊजी चिडतात, अंगणात फेरी मारतात. मग मुरमाच्या ट्रॅक्टरसाठी फोन लावतात. ज्याच्या हातात या कामानंतरचं काम नाही, त्याने नाही म्हणायला किती बळ लागत असेल! धंदा स्वतःचा झाला म्हणजे काय झालं, ते मला या नाही म्हणण्यात दिसतं.

अकरा वाजता तो थांबतो. या उन्हात पुढे रेटलं तर माल धरण्याआधी वाळेल. हात धुऊन तो वही काढतो. खोलीचं माप, स्कर्टिंगचं माप वेगळं, दर वेगळा, खाली तारीख. भाऊजींची सही घेतो.

"सहीचं काय एवढं?" भाऊजी विचारतात.

"बांधकाम कामगार मंडळात नाव लावाचं हाय. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागते."

ठेकेदाराकडे राबणाऱ्याला ठेकेदार दाखला देतो. स्वतःची कामं घेणाऱ्याला ठेकेदारच नसतो; तो ग्रामसेवकाकडे जातो आणि ग्रामसेवक विचारतो, पुरावा काय? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत राजमिस्त्री आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांची तरतूद आहे. पण आपण हे काम करतो, हे नव्याने उतरलेल्या माणसाला आधी कोणाकडून तरी वदवून घ्यावं लागतं. ते वदणारे आपणच, ज्यांच्या घरात तो गुडघे टेकून काम करतो.

तुमच्याकडे असा कोणी नवा मिस्त्री फरशी लावत असेल, तर काम संपेल त्या दिवशी टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा. माप होताच पैसे द्या, "कापूस विकला की देतो" म्हणू नका. आणि किती दिवस काम केलं ते तारखांसह लिहून, खाली सही करून तो कागद त्याच्या हाती द्या.