कादंबरीची खतावणी

रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ २०१९ साली श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाने काढली. एका कुळाचा जवळजवळ सातशे वर्षांचा प्रवास तिच्यात आहे. त्याआधी ‘ताम्रपट’ला १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, बेचाळीसच्या चळवळीपासून पुढचे नगर जिल्ह्याच्या मातीतले राजकारण त्या कादंबरीने कवेत घेतले. म्हणजे मोठ्या आवाक्याची कादंबरी काही या जिल्ह्यातल्या प्रवरा नदीच्या खोऱ्याला नवी नाही. असा पट उभारायला प्रतिभा लागते हे सगळेच सांगतात. दांडगी आठवण लागते, हे फारसे कोणी बोलत नाही. कोणत्या प्रकरणात कोण मेले, कोणाची जमीन कधी गहाण पडली, कोणती सून कोणत्या गावची, हे सगळे पाचसहाशे पानांभर सांभाळावे लागते. कादंबरीसाठी निघालेल्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे आहे. ते गोष्ट सुचवील या आशेने विकत घेतले, तर पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा.

या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्क्रिव्हनर’ सर्वात नावाजलेले. कीथ ब्लाउंट या इंग्रज गृहस्थाला कादंबरी लिहायची होती आणि मनासारखे साधन मिळेना, तेव्हा त्याने स्वतःच ते तयार केले. २००७ साली ते बाजारात आले. ‘वायरायटर’ मोफत मिळते, आणि तेही सायमन हेन्स या ऑस्ट्रेलियन कादंबरीकारानेच लिहिलेले आहे. दोन्हींची पद्धत साधारण एकच. एक लांबलचक फाइल करायची नाही. प्रत्येक प्रसंग सुटा ठेवायचा आणि त्याला पात्र, स्थळ, तारीख चिकटवायची. दुकानदार व्यवहार होतील तसे किर्दीत लिहितो आणि मग खतावणीत ते ज्याच्या त्याच्या नावावर चढवतो, तसेच हे काम चालते. प्रकरणे आपण ओघाने लिहीत जातो. एका पात्राचे सगळे प्रसंग एका जागी हवे झाले की ते क्षणात समोर येतात.

समजा, नगर जिल्ह्यातल्या कोल्हार बुद्रुकमधल्या एका घराच्या तीन पिढ्यांवर कोणी लिहायला बसले. आजोबा तरुण असताना, १९२६ साली, भंडारदऱ्याचे धरण पुरे होते. बाप कर्ता होतो तेव्हा, १९५०-५१च्या हंगामात, शेजारी प्रवरानगरचा साखर कारखाना सुरू होतो. नातू कळता होतो तो १९७२च्या दुष्काळात. या दुष्काळातच लेखकाने एखाद्या पात्राला राहात्याच्या तहसील कचेरीत पाठवले की घोटाळा झाला, कारण तेव्हा राहाता तालुकाच नव्हता. नगर जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणणारे पात्र १९५० सालात असू शकत नाही. ते नाव २०२४चे. अशा चुका काही संगणक आपणहून दाखवत नाही. पण १९७२ची खूण असलेले सगळे प्रसंग एका रांगेत काढून वाचले की त्या लेखकालाच दिसतात, आणि वाचकाच्या आधी दिसतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आखून लिहिले की लिखाण निर्जीव होते. दाखला म्हणून ‘कोसला’ पुढे केली जाते. भालचंद्र नेमाड्यांनी ती १९६३मध्ये एका झपाट्यात लिहिली, आणि तिला कसल्याही आराखड्याची गरज पडली नाही. दाखला खरा आहे. पण एका तरुणाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली गोष्ट आणि अनेक पिढ्यांचा पट यांत फरक आहे. नेमाड्यांचीच ‘हिंदू’ यायला २०१० साल उजाडले. शिवाय खतावणी म्हणजे आराखडा नव्हे. ती आधी नाही, लिहून झाल्यावर भरायची असते. पुढे काय घडावे हे ती सांगत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. पुष्कळ सॉफ्टवेअरांत कथानकाचे तयार साचे येतात: तीन अंक, अमुक पानावर संकट, तमुक पानावर कलाटणी. हे पटकथेचे हिशेब आहेत. फाटे फोडत, आठवणी सांगत, कीर्तनासारखी आख्यानातून आख्यानात शिरणारी मराठी कादंबरी त्यांत कोंबायचे काही कारण नाही. तो भाग उघडूच नये.

खरी अडचण आपल्या भाषेची आहे. या साधनांचा शोध हुबेहूब अक्षरांवर चालतो. ‘पाटील’ शोधले तर ‘पाटलांनी’, ‘पाटलाच्या’ हाती लागत नाही. आणि गावातल्या माणसाला एक नाव कुठे असते! तोच माणूस बायकोच्या तोंडी ‘अहो’, पुतण्याचा ‘तात्या’, सोसायटीत ‘चेअरमन’. म्हणून नाव शोधण्यावर विसंबू नये. प्रसंगाला पात्राची खूण स्वतःच्या हाताने लावावी. तारखांचेही तेच. कोल्हारच्या भगवतीमातेची यात्रा तिथीने येते, इंग्रजी तारखेने नाही. तेव्हा प्रसंगाच्या टिपणात दोन्ही लिहून ठेवावे, अधिक महिन्यासकट. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुरात तर शोधच चालत नाही, कारण आत साठलेली अक्षरे देवनागरी नसतातच. म्हणून युनिकोडमध्येच लिहावे. प्रकाशकाकडे पाने त्या जुन्या फॉन्टांत लागणार असली तरी रूपांतर शेवटी करता येते.

राहिला खर्चाचा प्रश्न. वही पुरेशी नाही का? पुरते, शंभर-दीडशे पानांपर्यंत. पुढे प्रसंग मागेपुढे हलवू लागलात की वहीतली यादी शिळी होते. विकतचे सॉफ्टवेअर नको असेल तर साध्या, मोफत मिळणाऱ्या स्प्रेडशीटच्या तक्त्यात प्रसंग, पात्रे, स्थळ आणि साल असे चार रकाने आखले तरी निम्म्याहून जास्त काम भागते. ज्यांची कादंबरी अर्ध्यात अडली आहे त्यांनी नवा आराखडा करत बसू नये. लिहून झालेल्या प्रकरणांचा एवढा तक्ता आधी भरावा, आणि हस्तलिखिताची एक प्रत घराबाहेर ठेवावी.