बसलं म्हणजे जुळलं नव्हे

दोन रायफलींवर ७.५ मिलिमीटर हा एकच आकडा दिसला, की दोघींना एकच काडतूस चालेल असं वाटतं. स्वित्झर्लंडच्या जुन्या लष्करी रायफली हा समज मोडून काढतात. त्यांतल्या हजारो रायफलींना पुनर्जन्म मिळाला आहे, आणि कोणतं काडतूस भरायचं हे त्या दुसऱ्या जन्मावरून ठरतं.

याची सुरुवात ठासणीच्या बंदुकांपासून झाली. १८६६ मध्ये मागून भरायच्या बंदुकांच्या बळावर प्रशियाने ऑस्ट्रियाला हरवलं आणि स्विस लष्कर खडबडून जागं झालं. शस्त्रागारातला साठा मोडीत काढण्यापेक्षा तो बदलून घ्यावा, असं ठरलं. १८६७ पासून या बंदुकांना मागच्या बाजूला बिजागरीचं झाकण बसू लागलं. मूळ कल्पना मिलबँक या अमेरिकनाची होती. तिला स्विस रूप देणारे याकोब आम्सलर शाफहाउझेनचे गणिती होते. नकाशावरचं क्षेत्रफळ मोजणारा ध्रुवीय प्लॅनिमीटर त्यांनीच शोधला होता. झाकण एकाच पद्धतीचं, पण जुन्या जाड नळीला १८ मिलिमीटरचं काडतूस लागे आणि बारीक नळीला १०.४ मिलिमीटरचं.

पुढे १८८९ ची श्मिट-रुबिन रायफल आली. बोल्ट सरळ मागे ओढायचा, मॅगझिनमध्ये १२ काडतुसं. तिच्या जीपी ९० काडतुसात पोलादी टोपीची, कागद गुंडाळलेली १३.७ ग्रॅमची शिशाची गोळी असे. वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. १९११ मध्ये जीपी ११ आलं. त्यातली ११.३ ग्रॅमची टोकदार गोळी सुमारे ७८० मीटर वेगाने सुटते. पुंगळीची लांबी ५३.५ वरून साधारण ५५.६ मिलिमीटर झाली. लांबीतला फरक दोन मिलिमीटरचा, पण नळीतला दाब कितीतरी वाढला.

१८८९ च्या बोल्टची अडकण मागच्या टोकाला आहे. तिला हा दाब पेलणारा नाही. म्हणून नवं काडतूस आत सरकलं, तरी त्या रायफलीचा चाप ओढू नये. १८९६ च्या सुधारणेत अडकण पुढे आणून बोल्ट बळकट केला होता. त्यामुळे त्या रायफलींचं रूपांतर शक्य झालं. त्यांची तीन खाचांची नळी काढून चार खाचांची नवी बसवली. सहा काडतुसांचं मॅगझिन आणि नेम धरायची नवी साधनं आली. पकड नीट यावी म्हणून लाकडी दस्त्याच्या मानेत अक्रोडाचा तुकडा इतक्या सफाईने सांधला, की सांधा शोधावा लागतो. या रायफलीचं नाव ९६/११. तिला जीपी ११ निर्धास्त चालतं.

नावाचाही एक सापळा आहे. १९९० च्या असॉल्ट रायफलीचं ५.६ मिलिमीटरचं काडतूसही जीपी ९० म्हणूनच ओळखलं जातं. शंभर वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन काडतुसांत नावाखेरीज काही सारखं नाही.

या साऱ्यात टिकून राहिलं ते जीपी ११. १९३१ ची कार्बाइन आणि १९५७ ची असॉल्ट रायफल, दोन्हींत तेच भरतात. दरवर्षी फेल्डशीसन या स्विस नेमबाजी सोहळ्याच्या मैदानात ३०० मीटरवर दोन्ही रायफली आजही चालतात. कार्बाइनच्या दस्त्याची पत्र्याची पाटी काढली, तर कधी कधी आत ती बाळगणाऱ्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी सापडते. ज्याला जुनी रायफल हाताळायची आहे, त्याने काडतूस उचलण्याआधी तिच्या नळीची, बोल्टची आणि सांध्यांची चिठ्ठीही तितक्याच काळजीने वाचावी. तिचा मान त्यातच आहे, आणि आपला जीवही.